पानगळीतच येणारा वसंत

पंचांगात वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा असला, तरी आपल्या बेळगाव-खानापूर भागात त्याची चाहूल माघातच लागते, आणि ती हिरवळीतून नव्हे तर निष्पर्ण झाडांवरून लागते. म्हणूनच बहुधा ती आपल्या लक्षात येत नाही. स्वेटर कपाटात गेले की 'उन्हाळा लागला' असे म्हणून आपण मोकळे होतो.

वास्तविक या दिवसांत ऋतू रोज थोडाथोडा पालटत असतो. येळ्ळूर-वडगावच्या शिवारात मसूर काढणीला आलेला असतो. पहाटे धुके असते, दुपारी ऊन चटके देते आणि संध्याकाळी घाटाच्या बाजूने किंचित ओलसर वारा सुटतो. तांबट पक्ष्याची एकसुरी 'टुक् टुक्' भरदुपारीही थांबत नाही. आंबा मोहोरलेला असतो, पण ढगाळ हवेत त्यावर भुरी हा बुरशीजन्य रोग पडण्याची शक्यता असल्याने बागायतदाराला त्या सुगंधाचे कौतुक करायला फारशी सवड नसते.

खरा वसंत पाहायचा असेल, तर जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्याने जावे. आधी काटेसावर फुलते, तिच्या मागोमाग पळस आणि पांगारा. तिन्ही झाडे पाने गाळून मगच बहरतात, आणि त्यामागे निसर्गाचा व्यवहार आहे: कोरड्या दिवसांत पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचते, शिवाय आड येणारी पाने नसल्याने लाल-केशरी फुले दुरूनही दिसतात आणि मकरंदासाठी येणाऱ्या मैना, बुलबुल, कोतवाल यांच्याकरवी परागीभवन होते. सावरीच्या एकाच झाडावर सकाळी एवढी गर्दी आणि भांडणे चाललेली असतात, की पक्षी ओळखायला शिकणाऱ्याने दुसरीकडे कुठे जाण्याची गरज नाही. कुसुंबाची तांबडी पालवी मात्र थोडी उशिरा येते. पाडव्याला आपण गुढी उभारतो आणि शेजारच्या कन्नड घरातून युगादीचे बेवू-बेल्ल (कडुलिंब-गूळ) येते, तोवर सावरीचा बहर सरून तिला बोंडे धरलेली असतात.

माझा आक्षेप या दिवसांतल्या आपल्या वागण्याला आहे. पाने नसलेले झाड वाळलेच, असे गृहीत धरून बांधावरच्या पांगाऱ्यावर नेमकी याच सुमारास कुऱ्हाड चालवली जाते, आणि पुढच्या पावसात गवत चांगले येईल या समजुतीने डोंगरउतारांना आग लावली जाते. त्या आगीत वाळलेल्या गवताबरोबर सावरीची आणि पळसाची कोवळी रोपे जळतात, तसेच टिटवीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या जागाही धोक्यात येतात. (भीमगड अभयारण्याच्या अभिमानाने गप्पा मारणारे आपणच, गावच्या माळावर धूर दिसला तर मान फिरवतो.) गवताची चिंता खोटी आहे असे मी म्हणत नाही, कारण गुरे पाळणाऱ्याला ती असणारच, पण गवत वेळेवर कापून साठवण्याचा मार्ग कष्टाचा असला तरी उपलब्ध आहे.

झाडांच्या बाबतीत तर एवढेही कष्ट नाहीत. तोडण्यापूर्वी दोन-तीन कोवळ्या फांद्यांची साल नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर झाड जिवंत आहे, आणि न दिसला तरी निदान पहिला पाऊस पडेपर्यंत थांबावे.