२०० कोटींचे पाहुणे

पोट बिघडलं की आपला माणूस दोन ठिकाणी धावतो. एक सांगण्यासारखं नाही, दुसरं मेडिकल. हा लेख दुसऱ्या ठिकाणाबद्दल आहे.

सुरुवात मात्र सर्दीपासून करायची. सर्दी विषाणूंमुळं होते आणि अँटिबायोटिक त्यांना काही करत नाही, ही माहिती डॉक्टरांपाशीच राहू द्यावी. तुम्ही गाडी बंद न करता दुकानासमोर थांबा आणि ओरडा, "दादा, मागच्या वेळची ती तीन गोळ्यांची पट्टी द्या." दोन खा. तिसरी बरं वाटलं म्हणून देवघराच्या फळीवर ठेवा, घरात कुणाच्या तरी कामाला येते. गोळीला घरचा जंतू कोण आणि दारचा कोण ते कळत नाही, त्यामुळं लवकरच पोट वाजायला लागतं. मग परत त्याच दुकानात जा. आता मिळतं प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला फायदा व्हावा म्हणून खायचे जिवंत जंतू. विस्थापन आणि पुनर्वसन, दोन्ही खाती एकाच काउंटरवर! जायकवाडीत जमीन गेलेल्यांना ही सोय नव्हती.

पुनर्वसन बहुधा छोट्या प्लास्टिकच्या कुपीतून येतं. कुपीची मान मोडायची आणि आतलं पाण्यासारखं पाणी प्यायचं. त्या ५ मिलीत बॅसिलस क्लॉसी नावाच्या जंतूचे २०० कोटी बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, असतात. हा आकडा बायकोला मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्या आतड्यात आधीच साधारण ३८ लाख कोटी जीवाणू नांदतात, हे मात्र वाचू नका. म्हणजे १९ हजारांच्या गावजेवणात एक पाहुणा आला. शिवाय प्रोबायोटिक बंद केलं की हे पाहुणे बहुतेक वेळा थोड्याच दिवसांत मुक्काम हलवतात. तरी पाहुणा तो पाहुणा, त्याचा मान ठेवलाच पाहिजे.

लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, मग जंतू जपानहून आले तर काय बिघडलं? तिथं मिनोरू शिरोता यांनी १९३० साली दूध आंबवणारा एक जंतू, लॅक्टोबॅसिलस, निवडून वाढवला आणि १९३५ पासून त्याचं पेय बाटलीतून विकलं जाऊ लागलं. हेन्री बुलार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १९२० च्या दशकात इंडोचायनात लिचीच्या आणि मँगोस्टीनच्या सालीवरून एक यीस्ट मिळवलं. ते अँटिबायोटिकनं मरत नाही आणि अँटिबायोटिकमुळं लागलेल्या जुलाबांत त्याचा उपयोगही दिसलाय. हे असं एखादं खरं निघतं आणि आपली पंचाईत होते. कारण मग विचारावं लागतं, कोणता जंतू, कशासाठी, किती, किती दिवस? प्रोबायोटिकची २००१ सालची आंतरराष्ट्रीय व्याख्याच मुळी तशी अडवणूक करणारी आहे: जंतू जिवंत हवा, पुरेसा हवा आणि त्याचा फायदा व्हायला हवा. तुम्ही एवढंच विचारा, "चांगल्यातलं कोणतं?" दुकानदार महागातलं काढून देतो. प्रश्न मिटला.

"जिवंत" या अटीचं फार मनावर घेऊ नये. काही जंतू बीजाणूंच्या रूपात असतात, ते ऊन सोसतात. काहींना फ्रीज लागतो, तसं पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. म्हणून अक्षर जिथं दिसणार नाही अशा जागी, म्हणजे मे महिन्यात गाडीच्या डिकीत, पाकीट ठेवावं. परभणीच्या ४२ अंशांत गाडी दुपारभर उभी राहिली की आतल्या कोट्यवधींचं काय होतं, याचा पंचनामा अजून कुणी केलेला नाही.

लेकराला जुलाब लागले तर मात्र अजिबात वेळ घालवू नका. ओआरएसची पुडी स्वस्त असते, तिच्यानं इज्जत राहत नाही. झिंकची गोळी त्याहून साधी. जागतिक आरोग्य संघटना या दोन्हींवर किती का भर देईना, तुम्ही कुपी आणा. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली तिकडच्या लेकरांच्या तीव्र जुलाबांत प्रोबायोटिक देऊ नये असं सुचवलं, पण त्यांच्या नळाला रोज पाणी येतं, त्यांना काय कळणार? आपल्याकडं आठ दिवसांनी येणारं पाणी ड्रममध्ये साठतं, ड्रमवर झाकण नसतं आणि त्यात बुडणाऱ्या तांब्याला दांडी नसते. (हे मी आमच्याच न्हाणीत बघून लिहितोय.) ड्रम घासण्यापेक्षा कुपी मोडणं सोपं.

आता गावकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी वेगळा सल्ला. तिथं छाती फुगवून लिहा की आमची आजी ताक प्यायची, म्हणजे आम्हाला हे सगळं आधीच माहीत होतं. जोडीला मेचनिकॉफचं नाव टाका. पॅरिसमध्ये काम करणाऱ्या या शास्त्रज्ञानं बल्गेरियातल्या शेतकऱ्यांचं दीर्घायुष्य आंबट दुधाशी जोडलं होतं, आणि त्याला १९०८ साली नोबेल मिळालं. नोबेल रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी होतं, दह्यासाठी नव्हे, ही ओळ गाळा. तो स्वतः आंबट दूध पीत असे आणि ७१ व्या वर्षी गेला, हीसुद्धा गाळा. घरच्या विरजणात कोणता जंतू किती आहे ते मोजलेलं नसतं, म्हणून त्याला काटेकोरपणे प्रोबायोटिक म्हणता येत नाही, असं कुणी लिहिलंच तर त्याला ग्रुपमधून काढा. आणि ग्रुपवर ताकाचे गोडवे गाऊन झाले की त्याच ताकाची उकळी फुटेपर्यंत कढी करा, म्हणजे त्यातला एकही जंतू साक्ष द्यायला उरणार नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, ज्वारी सोडा. भाकरी, भाज्या, डाळी यांतला जो भाग आपल्याला पचत नाही तो मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या अस्तराचं पोट त्यावर चालतं. इतकी लांबलचक साखळी कोण सांभाळणार? त्यापेक्षा सकाळी मैद्याची बिस्किटं, दुपारी नूडल्स, रात्री कुपी. घरचे उपाशी आणि पाहुण्याला पाट.

मी हे सगळं पाळतो, एक दिवस सोडून. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आत्याच्या शेतात जावं लागतं. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, आणि सावलीत आंबिलीचं मडकं. ज्वारीचं पीठ शिजवून, ताक घालून, लसूण-जिरं वाटून लावलेलं, रात्रभर मुरलेलं. पहिला घोट नाकात जातो. गेल्या येळवशीला भज्जी आणि उंडे वाढताना आत्यानं माझ्या खिशातून डोकावणारी कॅप्सूलची पट्टी बघितली.

"हे काय खायलास रे?"

"जंतू आहेत आत्या. पोटासाठी."

"जित्ते?"

"व्हय."

तिनं पट्टी उन्हात धरून उलटसुलट बघितली. "मग त्येन्ला खायला काय देतोस?"

असल्या प्रश्नांना उत्तर देऊ नये. मी दिलं नाही, तोंडात उंडा होता.