२ नोव्हेंबरला बेळगावात काहीच होत नाही

नोव्हेंबरचा पहिला आठवडा बेळगावात कसा जातो हे इथल्या माणसाला सांगायला नको. १ तारखेला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिन आणि सायकल फेरी. ५ तारखेला मराठी रंगभूमी दिन. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, दोन भाषणं होतात. मधली २ तारीख कोरडी जाते. त्या दिवशी, १८८५ साली, बळवंत पांडुरंग किर्लोस्कर म्हणजे आपले अण्णासाहेब गेले. वय अवघं बेचाळीस. मराठी संगीत नाटक ज्यांनी उभं केलं ते अण्णासाहेब आपल्याच जिल्ह्यातले, सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. आणि आपण त्या दिवशी साधी नांदीसुद्धा म्हणत नाही. हे मला फार लागतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

अण्णासाहेबांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी नेमकं काय केलं ते मात्र थोड्यांनाच सांगता येतं. त्यांच्याआधी नाटकात गाणं होतंच, पण ते बहुतेक सूत्रधाराकडे असायचं. तो आणि त्याचे साथीदार पद्यं म्हणायचे आणि पात्रं त्यावर अभिनय करून मग आपलं गद्य बोलायची. अण्णासाहेबांनी गाणं पात्राच्या तोंडी दिलं. शकुंतलेचं दुःख शकुंतलेनेच गायचं, रुक्मिणीचा रुसवा कृष्णानेच गाऊन काढायचा. आज हे इतकं साहजिक वाटतं की त्यात काही नवं होतं हेच कुणाला जाणवत नाही.

१८८० साली पुण्यात त्यांनी पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’चा खेळ पाहिला आणि मराठीत असं का नको म्हणून कालिदासाचं शाकुंतल हाती घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात पहिले चार अंक रंगमंचावर आले. लिहिणारे तेच, चाली बसवणारे तेच, तालमी घेणारे तेच आणि रंगमंचावर सूत्रधार म्हणून उभे राहणारेही तेच. १८८२ ला ‘सौभद्र’ आलं, १८८४ ला ‘रामराज्यवियोग’. त्याचे तीनच अंक झाले, पुढचं कधी लिहून झालंच नाही. नोकरी करत करत, तालमी घेत घेत, शाकुंतलाच्या पहिल्या खेळापासून मोजली तर पाच वर्षं.

या पाच वर्षांत त्यांनी काय जमवलं ते ‘सौभद्र’ची जुनी छापील प्रत उघडली की कळतं. पदाच्या माथ्यावर चाल दिलेली असते. कुठे साकी, कुठे दिंडी, कामदा, अंजनीगीत अशी वृत्तं, कुठे लावणीचा ठसका, कुठे रागदारी, आणि कुठे आपल्या मुलखातल्या कानडी पदांच्या चाली. साकी-दिंडी लोकांना कीर्तनातून पाठ होत्या. त्यामुळे नाटक नवीन असलं तरी कान परके नव्हते. गोष्ट पुढे सरकवायची असली की साकी-दिंडीसारखं साधं वृत्त, मन भरून आलं की सावकाश राग. हा हिशोब पक्का होता. शाकुंतलात दोनशेच्या घरात पदं आहेत, पण ती संवादाच्याच ओघात येतात, म्हणून नाटक थांबत नाही. माझ्या मते त्यांचं संगीतकार म्हणून मोठेपण इथे आहे. प्रसंगाला बरोबर बसेल ती चाल शोधायची आणि तिच्यात मराठी शब्द असे घालायचे की ती चाल त्या पात्राचीच वाटावी.

म्हणून नाट्यसंगीताच्या मैफलींबद्दल माझी एक तक्रार आहे. ‘सौभद्र’मधलं ‘वद जाऊ कुणाला शरण’ पंधरा-पंधरा मिनिटं चालतं, ताना येतात, टाळ्या पडतात. पण सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलंय, बलरामदादाचा शब्द मोडता येत नाही, अर्जुनाचा पत्ता नाही, आणि ती सखीला विचारतेय की आता कुणाकडे जाऊ, यातलं काही गाण्यात उरत नाही. गळा तयार असतो, सुभद्रा नसते. मैफली बंद करा असं मी म्हणत नाही. पण ही पदं नाटकातून उपटून काढली की त्यांचा जीव अर्धा होतो. माझ्या आत्याला रागाचं नावही सांगता यायचं नाही, पण ती पोळ्या लाटताना हेच पद म्हणायची तेव्हा ते कुणाला तरी विचारल्यासारखं वाटायचं.

अण्णासाहेब गेले तेव्हा त्यांची किर्लोस्कर नाटक मंडळी बुडेल असं वाटण्यासारखीच स्थिती होती. तसं झालं नाही, आणि खरा वारसा मला त्यात दिसतो. त्यांचे बेळगावातले विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल पुढे ‘शारदा’ घेऊन आले, १८९९ साली, त्याच किर्लोस्कर मंडळीत. मंडळीतले गायक-नट भाऊराव कोल्हटकर यांनी गाण्याचं वेड गावोगाव पोचवलं. १९०५ ला बालगंधर्व आले तेही याच मंडळीत. ‘पंचतुंड नररुंडमालधर’ ही शाकुंतलातली नांदी आजही संगीत नाटकाआधी म्हटली जाते. म्हणणाऱ्यांतल्या अनेकांना ती कुणाची हे ठाऊक नसतं, तरी सूर लागतो.

आता थोडं अवघड बोलतो.

मी सीमाभागातल्या मराठी घरातला. १ तारखेच्या फेरीला मी जातो आणि जाणार. आपल्या भाषेचा हक्क मी सोडलेला नाही. पण अण्णासाहेबांना त्या भांडणात ओढायला माझं मन तयार नाही. दोन्ही भाषा त्यांच्या कानावर लहानपणापासून होत्या. पुढे धारवाड, मग पुणे. आपल्या रंगभूमीचा उगमच पाहा. कर्नाटकातून पौराणिक खेळ करणारी भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचा खेळ पाहून विष्णुदास भावे नाटकाकडे वळले आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीतास्वयंवर’ हे पहिलं मराठी नाटक रंगमंचावर आलं. अण्णासाहेबांचा जन्मही त्याच वर्षीचा, ३१ मार्चचा. पुढे कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी संगीत नाटकांत उभे राहिले. आपल्याच जिल्ह्यात सुळेभावीला जन्मलेले कुमार गंधर्व बालगंधर्वांची पदं असं काही गायले की मराठी माणसाला ती नव्याने ऐकू आली. राज्यांच्या हद्दी १९५६ च्या. चालींची ये-जा त्याच्या कितीतरी आधीची आहे आणि ती कुणाला थांबवता आली नाही.

२०१५ ला बेळगावात अखिल भारतीय नाट्यसंमेलन झालं, गायिका-अभिनेत्री फैय्याजताई अध्यक्ष होत्या. त्या दिवसांत गावात नाटकाचं वारं होतं. मग मंडप उतरला आणि संगीत नाटक पुन्हा स्पर्धेपुरतं आणि सत्कारापुरतं राहिलं. हार घालून, पुतळ्याची मागणी करून हे जमणार नाही. नाटक करावं लागेल, बसून तालमी कराव्या लागतील.

माझं म्हणणं एवढंच. दरवर्षी २ नोव्हेंबरला ‘सौभद्र’चा निदान एक अंक सबंध, गद्यासकट, या जिल्ह्यात व्हावा. एखाद्या वर्षी बेळगावात, एखाद्या वर्षी थेट गुर्लहोसूरला. तिथले लोक कानडी बोलतात, बोलू देत. गोकाकच्या बाजूला ‘श्रीकृष्ण पारिजात’ हे कानडी लोकनाट्य करणारी मंडळी आहेत, त्यांना आधी खेळ करायला बोलवावं. कृष्ण, रुक्मिणी, नारद त्यांच्याकडेही आहेत आणि आपल्याकडेही. दोन्ही खेळ एका रात्री, एकाच प्रेक्षकांसमोर झाले तर अण्णासाहेबांच्या कानात लहानपणी काय वाजत असेल याचा अंदाज तरी येईल.

वाचनालयात एक खोली संध्याकाळी मिळू शकते, मी विचारून ठेवलंय. तबल्याला एक मुलगा तयार आहे. ऑर्गन वाजवणारं कुणी हवंय, पायपेटीवाले असतील तर फारच उत्तम. कृष्ण आणि नारदासाठी गाणारे गळे हवेत, वयाची अट नाही. सुभद्रेसाठी मात्र अशी मुलगी हवी जिला आधी पदाचा अर्थ विचारावासा वाटेल. कानडी बोलणारे मित्र-मैत्रिणी असतील तर त्यांनाही टॅग करा, मराठी उच्चार आपण बसवून घेऊ. खाली लिहा किंवा मेसेज करा. दिवाळीआधी पहिली बैठक घेऊ.