तक्रार तोंडीच करा हो, लेखी कशाला

शाळेत पोराला मारलं, वर्गाबाहेर दोन तास उभं केलं, टॉयलेटला जाऊ दिलं नाही म्हणून पोरगी ओल्या युनिफॉर्ममध्ये घरी आली, किंवा चाळीस मुलांसमोर "तुझा बाप रिक्षा चालवतो ना, मग तुला कशाला हवं इंग्लिश मिडियम" असं मॅडम बोलल्या, की काही पालक एकदम भडकतात आणि नको ते करून बसतात. तुम्ही तसं करू नका. मुंबईत अ‍ॅडमिशन कसं मिळतं ते आठवा, फॉर्मसाठी पहाटेपासून लावलेली लाईन आठवा, ज्याला डोनेशन म्हणायचं नसतं ते डोनेशन आठवा. म्हणून शाळेला अजिबात त्रास न होता तक्रार कशी करावी याचं थोडं मार्गदर्शन करते. जपून ठेवा, ग्रुपवर टाकलंत तरी चालेल.

सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो पोरावर. "तू काय केलं होतंस?" हा पहिला प्रश्न. तो म्हणेल काही नाही, वही विसरलो होतो. झालं, सापडलं की कारण! मग त्याचा हात नीट बघा, म्हणजे बघायचा असेल तर. लाकडी पट्टी आडवी पडली की वळ रुंद उठतो आणि संध्याकाळपर्यंत बराचसा जातो, पण कडेने बोटांच्या पेरांवर मारली की बारीक निळी रेघ राहते, ती दुसऱ्या दिवशीही असते आणि होमवर्क करताना पोरगं एक बोट हवेत ठेवून पेन्सिल धरतं. याचा फोटो काढू नका, फोनमधल्या फोटोला तारीख असते. डॉक्टरकडे नेऊ नका, ते केसपेपरवर "शाळेत मारल्याचे आई सांगते" असं लिहून मोकळे होतात आणि तो कागद मग कुठेही दाखवता येतो. हळद लावा, आणि बाबांनी वरून म्हणायचं, "आम्ही काय कमी मार खाल्लाय, काय वाईट झालं आमचं?" (हे म्हणणारे बाबा चाळिशीतही साहेबांकडे दोन दिवसांची रजा मागायची म्हटलं की आदल्या रात्री झोपत नाहीत, पण तो वेगळा विषय.)

एवढं करूनही चैन पडत नसेल तर प्रिन्सिपलना भेटा. ऑफिसातून हाफ डे टाका, सव्वा दोनची वेळ दिली असेल तर सव्वा तीनपर्यंत बाहेरच्या बाकावर बसा, मॅडम राउंडवर असतात. समोर दहावीच्या टॉपर्सचे फोटो लावलेले असतात, ते बघत बसा, राग आपोआप उतरतो. आत गेल्यावर पाणी येतं, कधी चहा येतो, आणि मग दोन वाक्यं येतात. एक, "तुमच्यासारख्या एज्युकेटेड पेरेंट्सकडून ही अपेक्षा नव्हती." आणि दुसरं, हे जास्त महत्त्वाचं, "त्या टीचरबद्दल आजपर्यंत एकही कम्प्लेंट नाही."

यावर विश्वास ठेवा, कारण ते खरंच असतं. तोंडी तक्रारीचा हाच मोठा गुण आहे, ती दर वेळी पहिलीच असते. मागच्या वर्षी अ तुकडीची आई येऊन रडून गेली ती पहिली, दिवाळीआधी क तुकडीचे बाबा आरडाओरडा करून गेले तेही पहिले, आज तुम्ही पहिल्या, आणि पुढच्या जूनमध्ये ज्यांच्या मुलाला तेच सर मिळणारेत तेही पहिलेच असणार. हजेरीला रजिस्टर, फीला रजिस्टर, उशिरा आलेल्या पोरांना रजिस्टर, फक्त याला रजिस्टर नाही. तेव्हा "आम्ही बघतो" असं ऐकून उठा आणि समाधानाने घरी जा. सरांना फार तर सातवीवरून पाचवी देतील, तिथली पोरं लहान असतात, घरी जाऊन सांगत नाहीत.

लेखी मात्र कदापि देऊ नका. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, एक ऑफिसात द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, आवक नंबर घ्यायचा, याला पोच म्हणतात आणि असले धंदे करणाऱ्या बायकांना स्टाफरूममध्ये वेगळं नाव असतं. खिडकीतला क्लार्क म्हणेल मॅडमना विचारून शिक्का देतो, उद्या या. उद्या जाऊ नका. आणि घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवायचा किंवा ईमेल करायचा, असलं कोणी शिकवलं तर त्या माणसापासून लांब राहा. कारण पोच मिळाली की घोटाळा होतो. अमुक तारखेला शाळेला हे कळलं होतं, हे त्या कागदावर येतं, आणि शाळेचं सगळं चाललेलं असतं ते न कळण्यावर.

कायदेबियदे तर वाचूच नका, डोक्याला ताप. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू, त्याच्या कलम 17 मध्ये मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे आणि असं करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई व्हावी असं लिहिलंय. पण त्यात पळवाटा शोधणाऱ्याला बऱ्याच मिळतात, हा कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा, म्हणजे साधारण आठवीपर्यंत, आणि अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा 2014 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यातून बाहेर ठेवल्या गेल्या, तेव्हा कोणीतरी तुम्हाला "आम्हाला हे लागू नाही" असं सांगेल. मान हलवा. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 75 मध्ये अल्पसंख्याक शाळांना अशी कुठली सूट नाही, आणि मुलांची काळजी घेण्याची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्या माणसानेच मुलाला क्रूरपणे वागवलं तर त्यात 5 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 5 लाखांपर्यंत दंड आहे, हे त्या केबिनमध्ये उच्चारू नका. चहा आलेला असतो, बरं दिसत नाही.

आणि प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर अजून जास्त समंजसपणा दाखवा. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 2012 चा, त्यातलं कलम 19 सांगतं की ज्याला ज्याला कळलं किंवा नुसती शंका आली त्याने पोलिसांना कळवायचंच, आणि कलम 21 सांगतं की संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाचा गुन्हा माहीत असून कळवत नसेल तर त्याला स्वतःला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे प्रिन्सिपल मॅडम तुम्हाला "आधी आपण इंटर्नल चौकशी करू, मुलीच्या भविष्याचा विचार करा, नाव खराब होईल" असं म्हणतात तेव्हा त्या कोणाच्या नावाचा विचार करत असतात हे विचारू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि फी तर आजकाल त्याहून जास्त आहे.

बदलापूरला काय झालं ते आठवत असेल. ऑगस्ट 2024, नर्सरीच्या वयाच्या दोन मुली, शाळेचं टॉयलेट, शाळेतलाच सफाई कर्मचारी. आईवडिलांना एफआयआर नोंदवून घ्यायला पोलीस स्टेशनात तासन्‌तास थांबावं लागलं. 20 ऑगस्टला लोक थेट रुळांवर उतरले, दिवसभर लोकल बंद, मग मात्र सगळ्यांना एकदम कळलं. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, मागच्या 15 दिवसांचं फुटेजच नाही असं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं, आणि कळवलं नाही म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर पॉक्सोखाली गुन्हा दाखल झाला. आपल्याकडे मात्र त्या आठवड्यात कर्जत लोकल नसल्याने केवढे हाल झाले याच्याच स्टोऱ्या ऑफिसात चालल्या होत्या, आणि त्या तशाच चालू ठेवाव्यात, त्यात कोणाचं मन दुखत नाही.

त्यानंतर सरकारने लगेच आदेश काढला. सीसीटीव्ही लावा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा, तक्रारपेटी ठेवा, मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समिती नेमा. ही समिती 2022 च्या जीआरमध्येच होती, पण वरातीमागून घोडं आलं तरी घोडं ते घोडंच. तुमच्या शाळेतही पेटी आली असेल. निळ्या रंगाची, पत्र्याची, स्टाफरूमच्या दाराला लागून, शिपाईमामांच्या स्टुलाच्या बरोबर वर, आणि कॅमेरा तिच्यावर रोखलेला. टॉयलेटच्या पॅसेजमध्ये कॅमेरा नाही, वायरिंग तिथपर्यंत गेलं नाही म्हणे. पेटीला कुलूप आहे, किल्ली मॅडमच्या ड्रॉवरमध्ये आहे. आठवीतली मुलगी मधल्या सुट्टीत, शिपाईमामांच्या डोक्यावरून हात नेऊन, त्याच मजल्यावरच्या सरांबद्दलची चिठ्ठी त्यात टाकेल अशी सगळ्यांना खात्री आहे. आत सापडतं काय, तर वेफर्सचं पाकीट आणि "समोसा गार असतो" अशी चिठ्ठी. समोशावर कारवाई झाली हे मान्य करायला हवं.

फुटेज मागायचंच असेल तर तीन आठवडे थांबा, मन शांत होऊ द्या. रेकॉर्डिंगची डिस्क भरली की जुन्यावर नवीन चढतं, तेवढ्यात तुमचंही मन शांत होतं आणि डिस्कचंही. त्याच दिवशी लेखी पत्र देऊन "अमुक तारखेचं, अमुक मजल्याचं, अमुक वेळेचं फुटेज राखून ठेवा" असं कळवणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा.

पीटीएकडे मात्र जरूर जा. महाराष्ट्राच्या फी नियमनाच्या कायद्याने प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष कोण, तर मुख्याध्यापक. म्हणजे मुख्याध्यापकांनी कानाडोळा केला ही तक्रार मुख्याध्यापकांसमोर मांडता येते, अशी सोय दुसऱ्या कुठल्या क्षेत्रात आहे? तिथे अजेंड्यावर अ‍ॅन्युअल डे असतो, साऊंड सिस्टीमवर पाऊण तास जातो, तुमचा विषय "एनी अदर मॅटर"मध्ये येतो तोपर्यंत निम्म्या आया स्कूल बसची वेळ झाली म्हणून उठलेल्या असतात.

सरकारी ऑफिसं बघायची हौस असेल तर तीही भागवा. प्राथमिकचं असेल तर महापालिकेचा शिक्षण विभाग, माध्यमिकचं असेल तर शिक्षण निरीक्षक, त्यात उत्तर, दक्षिण, पश्चिम वेगळे, वरती चर्नी रोडच्या बालभवनात उपसंचालक, आणि शाळा सीबीएसई किंवा आयसीएसई असेल तर सगळेच जण बोर्डाकडे बोट दाखवतात. पोरगं सहावीत, शाळा एकच, बिल्डिंग एकच, पण तळमजल्याचा साहेब वेगळा आणि दुसऱ्या मजल्याचा वेगळा. कुठेही गेलात तरी ते दुसऱ्या टेबलाचं काम निघतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 मध्ये स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यावा आणि तो पटला नाही तर राज्य बाल हक्क आयोगाकडे अपील करावं असं आहे, पण बघा, परत लेखी आलंच. आणि ते 1098, मुलांच्या मदतीचा नंबर, 1996 मध्ये चाइल्डलाइन म्हणून आपल्या मुंबईतच सुरू झालेला, तो पोरांना पाठ करून देऊ नका. पोरं फोन करतात.

शिक्षकांबद्दल एक सांगायला हवं. बहुतेक शिक्षक भले असतात, साठ पोरांचा वर्ग, वर इलेक्शन ड्युटी, त्यात कोणावर हात उगारायला ताकद उरत नाही. पण कोणते सर कोणाला कुठे थांबवून घेतात हे स्टाफरूमला माहीत असतं, मावशींना माहीत असतं, व्हॅनवाल्या काकांना तर सगळ्यात आधी माहीत असतं. आणि सगळे गप्प, आपलेच दात आपलेच ओठ. एखादी तरुण टीचर बोललीच तर पुढच्या वर्षी तिचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होत नाही, मॅडम म्हणतात फिट होत नव्हती. मारणारे सर मात्र फिट असतात, त्यांचा रिझल्ट शंभर टक्के असतो.

तेव्हा ग्रुपवर कोणी रात्री साडेदहाला "माझ्या मुलासोबत असं झालंय, अजून कोणाच्या?" असं टाकलं तर वाचा आणि उत्तर देऊ नका. तुमच्या मुलाच्या बाबतीतही झालंय हे तुम्हाला माहीत असलं तरी. दोन मिनिटांनी कोणीतरी गुड नाईटचं फूल टाकेल, त्याला लाईक करा. ती बाई दुसऱ्या दिवशी एका अर्जावर सह्या घ्यायला फोन करेल, म्हणेल की एकटीचा अर्ज क्लार्क परत करतो, पंधरा जणांचा अर्ज परत करायला त्याला ट्रस्टींना फोन करावा लागतो. पोराचा दाखला अजून शाळेकडे आहे, इंटर्नलचे मार्क शाळेच्या हातात आहेत, तुमचं बरोबरच आहे. सांगा, गावाला आलोय, कोकणात, रेंज नाही. जुलै असेल तर भातलावणी सांगा, सप्टेंबर असेल तर गणपती आहेतच.

तिचा नंबर मात्र डिलीट करू नका. आवक नंबर घातलेल्या कागदांची फाईल या अख्ख्या ग्रुपमध्ये तिच्याकडेच आहे, आणि तुमच्या पोराच्या वेळेला तुम्ही तिला फोन कराल तेव्हा ती उचलेल.