‘एकसारख्या गाड्यांत ओकॉनने व्हर्स्टॅपेनला हरवले’ : २०१४च्या युरोपीय फॉर्म्युला ३ विषयीच्या दाव्याचा प्रतिवाद

फॉर्म्युला वन मोटारशर्यतींतला ड्रायव्हर मॅक्स व्हर्स्टॅपेन याचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय थोडक्यात असा : २०१४ साली युरोपीय फॉर्म्युला ३ या ज्युनियर अजिंक्यपद स्पर्धेत व्हर्स्टॅपेन आणि एस्तेबान ओकॉन एकसारख्या गाड्यांतून लढले, ओकॉन अजिंक्य ठरला आणि व्हर्स्टॅपेन तिसरा आला, तरीही वडिलांच्या नावावर फॉर्म्युला वनमधली जागा मात्र व्हर्स्टॅपेनने पटकावली, सबब त्याची पुढची चार विश्वविजेतेपदे त्याच्या रेड बुल संघाच्या गाडीची आहेत, त्याची नव्हेत. मजकुरासोबत बहुधा त्या हंगामाचा अंतिम गुणतक्ता जोडलेला असतो आणि तो तक्ता खरा असतो. म्हणूनच हा दावा वाचणाऱ्याला लगेच पटतो. त्यात प्रत्यक्षात चार वेगवेगळी विधाने एकापुढे एक रचलेली आहेत आणि ती स्वतंत्रपणे तपासली पाहिजेत.

पहिले विधान गाड्या एकसारख्या असल्याचे. आजच्या एफआयए फॉर्म्युला ३ स्पर्धेत सर्वांना एकाच कारखान्याची चासी (गाडीचा सांगाडा), एकाच कंपनीचे इंजिन आणि एकाच कंपनीचे टायर मिळतात. २०१२ ते २०१८ या काळातल्या युरोपीय स्पर्धेची रचना तशी नव्हती. टायर सर्वांना हॅन्कूकचे होते आणि चासी व्यवहारात सर्वांची डलारा या एकाच कंपनीची होती, परंतु इंजिन निवडण्याची मुभा संघांना होती. २०१४ साली इंजिनांचे नवे नियम लागू झाल्याने प्रत्येक उत्पादकाला नव्याने सुरुवात करावी लागली होती. ओकॉनच्या प्रेमा संघाच्या गाडीत मर्सिडीजचे इंजिन होते, तर व्हर्स्टॅपेनच्या व्हॅन आमर्सफोर्ट रेसिंगच्या गाडीत फोक्सवॅगनचे. म्हणजे ‘एकसारख्या गाड्या’ हे विधान शब्दशः घेतले तरी टिकत नाही.

इंजिनाचा मुद्दा मात्र फार ताणू नये, कारण गुणतक्त्यात दुसरा आलेला टॉम ब्लोमक्विस्ट कार्लिन संघाकडून फोक्सवॅगनच्याच इंजिनावर धावला होता. खरा फरक संघाच्या कामात असतो. फॉर्म्युला ३ची गाडी हलकी असते, तिची ताकद बेताची असते, आणि त्यामुळे वळणात गमावलेला वेग पुढच्या सरळ पट्ट्यावर भरून काढता येत नाही. अशा गाडीत स्प्रिंग आणि डॅम्पर (धक्के शोषणारे भाग) कसे लावले, गाडीची जमिनीपासूनची उंची किती ठेवली, पंखांचा कोन किती ठेवला आणि नवे टायर नेमक्या कोणत्या फेरीत त्यांची उत्तम पकड देतील याचा अंदाज कितपत बरोबर आला, यांवर सेकंदाचा दहावा हिस्सा इकडचा तिकडे होतो; आणि जिथे पुढचे अनेक ड्रायव्हर एकमेकांपासून तेवढ्याच अंतरात असतात, तिथे तो दहावा हिस्सा ग्रिडवरच्या, म्हणजे शर्यत सुरू होतानाच्या रांगेतल्या, पाच-सहा जागांच्या किमतीचा ठरतो. हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या नोंदींतून संघाकडे साठत जाते आणि प्रेमाकडे ते इतरांहून अधिक होते. या स्पर्धेच्या सात हंगामांत सात अजिंक्यवीर झाले : डॅनियल हुंकाडेया, राफाएले मार्चिएल्लो, ओकॉन, फेलिक्स रोसेनक्विस्ट, लान्स स्ट्रोल, लँडो नॉरिस आणि मिक शूमाकर. त्यांपैकी कार्लिनकडून धावलेला २०१७चा नॉरिस वगळला तर उरलेले सहाही प्रेमाचे. गाड्या खरोखरच समान असत्या, तर सातांपैकी सहा अजिंक्यपदे एकाच इटालियन संघाकडे गेली नसती.

याचा अर्थ ओकॉनला अजिंक्यपद आयते मिळाले असा लावणे तितकेच चूक ठरेल. २०१४ साली प्रेमाच्या इतर गाड्यांत अंतोनियो फुओको आणि निकोलस लातिफीही बसले होते. फुओको पाचवा आला आणि लातिफी दहावा. त्याच गाडीत, त्याच तंत्रज्ञांसोबत ओकॉन त्यांच्या कितीतरी पुढे होता. उलट बाजूला व्हर्स्टॅपेनच्या संघातल्या सहकाऱ्यांपैकी एकालाही त्या हंगामात एकही शर्यत जिंकता आली नाही. दोघांच्याही कामगिरीचे माप घ्यायचे तर ते आपापल्या सहकाऱ्यांशी तुलना करून घेता येते आणि त्या मापाने दोघेही असामान्य ठरतात. दावा करणाऱ्यांनी मात्र नेमकी हीच तुलना टाळून दोन वेगळ्या संघांतल्या ड्रायव्हरांना एका तागडीत घातले आहे.

दुसरे विधान असे की ज्याअर्थी ओकॉन तक्त्यात वर आहे त्याअर्थी तो अधिक सरस ड्रायव्हर होता. इथे तक्ता नुसता दाखवून न थांबता थोडा उलगडून वाचायला हवा. हंगामात ११ टप्पे होते, प्रत्येक टप्प्यात ३ शर्यती, म्हणजे एकूण ३३. पहिल्या क्रमांकाला २५ गुण, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १५, असे उतरत्या क्रमाने पहिल्या दहांना गुण मिळत. ओकॉनने ९ शर्यती जिंकल्या, तो २१ वेळा पहिल्या तिघांत आला आणि त्याचे ४७८ गुण झाले. व्हर्स्टॅपेनने १० शर्यती जिंकल्या, तो १६ वेळा पहिल्या तिघांत आला आणि त्याचे ४११ गुण झाले. ब्लोमक्विस्ट ४२० गुणांसह या दोघांच्या मधे राहिला. आता विजयांचे गुण बाजूला काढून पाहू. व्हर्स्टॅपेनच्या १० विजयांचे २५० गुण वजा केले तर उरलेल्या २३ शर्यतींत त्याला १६१ गुण मिळाले, म्हणजे सरासरी प्रत्येक शर्यतीत ७. ओकॉनच्या ९ विजयांचे २२५ गुण वजा केले तर उरलेल्या २४ शर्यतींत त्याला २५३, म्हणजे सरासरी साडेदहा. हंगामात सर्वाधिक शर्यती जिंकणारा तिसरा का आला, याचे उत्तर या दोन सरासरींत आहे. ज्या दिवशी विजय हाती येण्याजोगा नव्हता त्या दिवशी ओकॉन बहुधा तिसरा-चौथा येऊन गुण गाठीला बांधत होता, तर व्हर्स्टॅपेन बऱ्याचदा गुणांविनाच परतत होता.

सातत्य हा ड्रायव्हरचा गुणच आहे आणि अजिंक्यपद त्याच गुणाला दिले जाते. त्यामुळे २०१४च्या हंगामापुरते ओकॉनने व्हर्स्टॅपेनपेक्षा चांगले काम केले हे निःसंकोच मान्य करावे. पण दावा तेवढ्यावर थांबत नाही; तो त्यावरून दोघांच्या कायमच्या कुवतीबद्दल निकाल देतो आणि तिथे तो दोघांच्या पूर्वानुभवाबद्दल एक अक्षर बोलत नाही. ओकॉन त्या हंगामाच्या सुरुवातीला १७ वर्षांचा होता आणि फॉर्म्युला रेनो या खालच्या पायरीवरच्या स्पर्धेचे दोन हंगाम त्याच्या गाठीशी होते. व्हर्स्टॅपेन १६ वर्षांचा होता. आदल्या वर्षी तो कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या कार्टगाड्यांच्या शर्यतींत, जागतिक विजेता झाला होता, हिवाळ्यात फ्लोरिडातल्या एका छोट्या मालिकेत त्याने सिंगल-सीटर (एका आसनाची शर्यतीची गाडी) चालवून पाहिली आणि तिथून तो थेट फॉर्म्युला ३मध्ये उतरला. मधली फॉर्म्युला ४ किंवा फॉर्म्युला रेनोची पायरी त्याने चढलीच नाही. फॉर्म्युला ३चा पूर्ण हंगाम दोघांनीही आधी केलेला नव्हता हे खरे, पण एकाला मोटारशर्यतीचा अनुभव होता आणि दुसऱ्याला जवळजवळ नव्हता.

त्या हंगामाचा मधला भाग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. जूनमध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या तीनही शर्यती व्हर्स्टॅपेनने जिंकल्या आणि त्यापाठोपाठ नोरिसरिंगच्याही तीनही. म्हणजे सलग सहा. स्पा हे सात किलोमीटरचे सर्किट आहे, वेगवान वळणांचे आणि चढउतारांचे. तिथे ड्रायव्हरचा विश्वास पणाला लागतो आणि लांब सरळ पट्ट्यांवर मागच्याला पुढच्याच्या हवेच्या आडोशाचा भरपूर फायदा मिळतो, त्यामुळे आघाडी घेणे सोपे पण टिकवणे अवघड. न्यूरेंबर्गमधले नोरिसरिंग जेमतेम २.३ किलोमीटरचे, शहरातल्या रस्त्यांवरून जाणारे. त्याची मोजकी वळणे दगडी प्रेक्षागृहाभोवती घट्ट वळतात, कडेच्या भिंती जवळ असतात आणि फेरी इतकी लहान की सगळा मुकाबला ब्रेक किती उशिरा दाबता येतो यावर येऊन ठेपतो. एका सर्किटसाठी लावलेली गाडी दुसऱ्यावर उपयोगाची नसते. म्हणून एकापाठोपाठ एक अशा या दोन ठिकाणी तीन-तीन शर्यती जिंकणे हे काम केवळ नशिबाच्या किंवा एखाद्या जमून गेलेल्या सेट-अपच्या खात्यावर टाकता येत नाही. पहिल्याच हंगामात शिकाऊ पोरगा इतक्या लवकर इथवर येतो, हे गुणतक्त्यात कुठेही दिसत नाही. पण फॉर्म्युला वनचे संघ ज्युनियर स्पर्धांत जे शोधत असतात ते नेमके हेच.

तिसरे विधान वडिलांच्या नावाचे. योस व्हर्स्टॅपेन स्वतः फॉर्म्युला वनमध्ये धावलेला ड्रायव्हर आहे आणि मुलाच्या कार्टिंगची सारी वर्षे त्यानेच घडवली. हा लाभ मोठा होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण रेड बुलने मॅक्सशी करार केव्हा केला हे पाहावे. ऑगस्ट २०१४मध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या सहा विजयांनंतर, आणि नेदरलँड्समधल्या झांडवूर्टच्या प्रतिष्ठेच्या मास्टर्स या फॉर्म्युला ३ शर्यतीत मोटोपार्क या वेगळ्याच संघाच्या गाडीतून तो पहिला आल्यानंतर. त्या वेळी मर्सिडीजही त्याच्या मागे होती. फरक एवढाच की लगेच देण्याजोगी फॉर्म्युला वनची जागा तोरो रोसो या आपल्या दुसऱ्या संघाच्या रूपाने रेड बुलकडे होती. नुसत्या नावाला दोन संघांनी अशी बोली लावली असती, हे पटण्यासारखे नाही.

ओकॉनच्या वाट्याला आलेला अन्याय मात्र खरा आहे आणि दाव्यामागची चीड मला समजते. मुलाच्या कार्टिंगसाठी त्याच्या आईवडिलांनी घर विकले आणि कुटुंब कॅराव्हॅनमध्ये राहिले. युरोपीय फॉर्म्युला ३ जिंकल्यावर त्याने २०१५ साली जीपी३ ही ज्युनियर मालिकाही जिंकली, तरी फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत त्याला २०१६च्या बेल्जियम ग्रां प्रीपर्यंत मिळाली नाही, तीही ग्रिडच्या तळाशी असलेल्या मॅनॉर संघाकडून. पुढे फोर्स इंडिया संघ लान्स स्ट्रोलच्या वडिलांच्या गटाने विकत घेतल्यावर २०१९साठी त्याची जागा लान्सकडे गेली. पैशाने आणि नात्याने जागा हलतात याचा पुरावा हवा असेल तर तो इथे आहे. तो व्हर्स्टॅपेनच्या नावावर चिकटवणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे होय.

याच विधानाच्या पोटात आणखी एक गृहीतक दडलेले आहे : जो जिंकेल त्यालाच फॉर्म्युला वनची जागा मिळाली पाहिजे आणि तोच पुढे सर्वोत्तम ठरला पाहिजे. सात अजिंक्यवीरांपैकी हुंकाडेया, मार्चिएल्लो आणि रोसेनक्विस्ट यांनी फॉर्म्युला वनची एकही शर्यत केली नाही. विश्वविजेता झाला तो एकच, नॉरिस, आणि तोही २०२५ साली, व्हर्स्टॅपेनपेक्षा अवघ्या दोन गुणांनी पुढे राहून. उलट पुढे फॉर्म्युला वनच्या शर्यती जिंकणारा शार्ल लक्लेर २०१५च्या तक्त्यात चौथा होता. त्या वर्षी जिंकलेल्या रोसेनक्विस्टकडे फॉर्म्युला ३चा कितीतरी वर्षांचा अनुभव होता. मुंबईचा जेहान दारूवाला २०१७ साली नॉरिसच्याच कार्लिन संघात होता, नोरिसरिंगला त्याने एक शर्यत जिंकली आणि हंगामाअखेर तो सहावा आला. त्याच्या सहाव्या क्रमांकाचाही अर्थ लावायचा तर शेजारच्याच गाडीत पुढे विश्वविजेता होणारा ड्रायव्हर बसला होता हे ध्यानात ठेवूनच लावावा लागतो.

व्हर्स्टॅपेन वयाच्या सतराव्या वर्षी फॉर्म्युला वनमध्ये येणार हे ठरल्यावर आंतरराष्ट्रीय महासंघाने (एफआयए) २०१६पासून सुपर लायसन्ससाठी, म्हणजे फॉर्म्युला वनमध्ये धावण्याच्या परवान्यासाठी, किमान १८ वर्षे वय आणि ज्युनियर स्पर्धांतून मिळवलेले ४० गुण अशी अट घातली. तो अपात्र होता म्हणून हे करावे लागले, असे दाव्याचे समर्थक सांगतात. त्या नियमाने वय आणि अनुभव यांचा उंबरठा ठरवला. त्याच्या वेगाबद्दल त्यात काहीही म्हटलेले नाही.

राहिले चौथे विधान, की विश्वविजेतेपदे गाडीची आहेत. गाडीशिवाय कोणीच विश्वविजेता होत नाही, आणि २०२३ची रेड बुल ही या खेळातल्या सर्वांत प्रभावी गाड्यांपैकी एक होती, यावर वाद नाही. पण एकसारख्या गाड्यांची कसोटी ज्यांना इतकी प्रिय आहे त्यांनी ती इथे लावून पाहावी, कारण इथे दोन ड्रायव्हर खरोखरच एका संघात, एका कारखान्यात बनलेल्या गाड्यांत बसलेले असतात. २०२३ साली व्हर्स्टॅपेनने २२पैकी १९ शर्यती जिंकल्या, संघातला सहकारी सर्जियो पेरेझने २. पुढच्या वर्षी गाडी मागे पडली, संघ उत्पादकांच्या (म्हणजे संघांच्या) गुणतक्त्यात तिसरा राहिला. तरी व्हर्स्टॅपेन ४३७ गुणांसह विश्वविजेता झाला आणि पेरेझ १५२ गुणांसह आठवा आला. यावर गाडी व्हर्स्टॅपेनच्या आवडीप्रमाणे घडवली गेली होती असे उत्तर येते आणि त्यात तथ्यही आहे : पुढचे टोक अतिशय तीक्ष्ण आणि मागचे टोक निसटते अशी गाडी त्याला चालते, इतरांना ती झेपत नाही. पण मग ज्या गाडीतून दुसऱ्या कोणालाही तो वेग काढता येत नाही, त्या गाडीचे श्रेय ती चालवणाऱ्यापासून वेगळे कसे काढायचे, हे दावा करणाऱ्यांनीच सांगायला हवे.