प्रोपेलर शाफ्ट ‘कसाही बसवला तरी चालतो’ हे खरे नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी भागांतील गाडीचालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. बोल्टची भोके जुळली की प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा, कसाही बसवता येतो. तो खोलण्यापूर्वी जोडांवर खुणा करणे हे मजुरी वाढवण्यासाठी मेकॅनिकने काढलेले खूळ आहे. थरथर आलीच तर चाकांचे बॅलन्सिंग करावे, आणि तरीही ती राहिली तर गाडी हजारभर किलोमीटर पळवावी म्हणजे शाफ्ट आपोआप ‘बसतो’, असा त्याचा आशय आहे.

यातील पहिले विधान पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारच्या ॲक्सलपुरते (चाक फिरवणाऱ्या आखूड दांड्यापुरते) खरे आहे; तिला प्रोपेलर शाफ्ट नसतोच. तिच्या ॲक्सलला सीव्ही जॉइंट असतात आणि ते कोनात असतानाही एकसारखा वेग देतात, त्यामुळे ॲक्सल त्याच्या टोकावरच्या कोणत्या दात्यावर बसला याने थरथरीच्या दृष्टीने काही बिघडत नाही. परंतु चोर्ला घाटाने गोव्याला भाजी नेणारे पिकअप किंवा खेडोपाडी धावणाऱ्या बोलेरो मागच्या चाकांवर चालतात, आणि त्यांच्या गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरपेटीपर्यंत) जाणाऱ्या लांब शाफ्टला टोकांशी क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखे, कोनात वळणारे सांधे) असतात. क्रॉसचा स्वभावच वेगळा आहे. गिअरबॉक्स एकसारखा फिरत असला तरी कोनात असलेल्या क्रॉसपलीकडचा शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन 10 अंशांचा असेल तर हा चढउतार दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. मागचा क्रॉस नेमका उलटा चढउतार करून तो पुसून टाकतो, मात्र त्यासाठी दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे दुबेळके) एका पातळीत हवेत. सरकत्या जोडाला (शाफ्टची लांबी कमीजास्त होऊ देणाऱ्या दातेरी जोडाला) समजा 16 दाते असतील, तर एक दाता चुकताच योक एकमेकांपासून साडेबावीस अंशांनी फिरतात, आणि चार दाते चुकले तर मागचा क्रॉस पुढच्याचा दोष पुसण्याऐवजी जवळजवळ दुप्पट करतो. (काही गाड्यांत योक मुद्दामच थोडे फिरवलेले असतात, तिथे मूळ खुणेशिवाय गत्यंतर नाही.)

आता भोके जुळण्याविषयी. चार बोल्टांचा फ्लँज (शाफ्टच्या टोकाची जोडचकती) चार प्रकारे बसतो हे खरेच आहे, आणि एकसंध शाफ्टमध्ये त्यामुळे योकांचे नाते बदलत नाही, हेही मान्य करायला हवे. बिघडतो तो तोल. शाफ्टचा उरलेला किंचित असमतोल आणि फ्लँजचा स्वतःचा किंचित बाक मूळ जागी एकमेकांना सावरत असतील, तर 180 अंश फिरवल्यावर त्यांची बेरीज होते. मध्यापासून 5 सेंटिमीटरवर अवघे 10 ग्रॅम जास्त असले तरी मिनिटाला 2400 फेऱ्यांवर ते सुमारे 3 किलो वजनाइतकी ओढ देतात. वेग निम्मा झाला की ओढ चौथाई होते. म्हणून घाटात गाडी शांत वाटते आणि महामार्ग 48 वर संकेश्वरच्या दिशेने 80 चा वेग गाठताच सीटखाली गुरगुर सुरू होते. मध्ये आधार देणारे सेंटर बेअरिंग असलेल्या दोन तुकड्यांच्या शाफ्टमध्ये मधला फ्लँज चुकला तर योकांचे नातेही बिघडू शकते.

चाकांच्या बॅलन्सिंगचा सल्ला तर गणितातच टिकत नाही. 80 च्या वेगाला अशा गाडीचे चाक सेकंदाला सुमारे 10 फेरे घेते, तर डिफरन्शियलचे प्रमाण 4 (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4) धरल्यास शाफ्ट 40, म्हणून दोघांची थरथर वेगळी ओळखू येते. चाकाचा दोष स्टिअरिंगला हेलकावे देतो. शाफ्टचा दोष जमिनीच्या पत्र्यातून बारीक घुमतो. ‘आपोआप बसणे’ याचा अर्थ इतकाच की क्रॉसच्या सुया, सेंटर बेअरिंगचे रबर आणि गिअरबॉक्सचे मागचे सील झिजू लागते.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील जुने मेकॅनिक बोल्ट सैल करण्यापूर्वी फ्लँजच्या दोन्ही अंगांवर आणि सरकत्या जोडावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतात. क्रॉस बदलायचा असेल तर योकावरही. या कामाला दोन मिनिटेही लागत नाहीत, तेव्हा मजुरी वाढवण्याचा आरोप करणाऱ्याने आधी ते पाहावे. खुणा राहून गेल्या असतील तर जोडावरचे ग्रीस चिंधीने पुसावे, कारण अनेकदा त्याखाली कारखान्याचे बाण सापडतात. तेही नसतील आणि योक मुद्दाम फिरवलेली गाडी नसेल, तर आधी योक एका रेषेत आणावेत, मग मागचा फ्लँज 180 अंश फिरवून त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने दोन्ही स्थिती तपासाव्यात आणि जिच्यात थरथर कमी असेल तीच पक्की करून रेघ ओढावी.