दोनच तर वायरी

सासूबाईंच्या घराची आवराआवर झाली तेव्हा बायकोच्या वाट्याला एक पितळी टेबल लॅम्प आला आणि माझ्या वाट्याला त्याची दुरुस्ती. ही वाटणी नेमकी कधी ठरली ते मला माहीत नाही. त्या वेळी मी माळ्यावर होतो.

दिवा देखणा होता. वीतभर रुंदीची जड बैठक, वर कमंडलूसारखं फुगलेलं पोट, निमुळती मान, मानेवर पिन होल्डर आणि एके काळी मोतिया रंगाची असावी अशी कापडी शेड. फक्त लागत नव्हता. "काही नाही रे, वायर बदलायची," बायको म्हणाली, "दोनच तर वायरी असतात."

तिचं बरोबर होतं. टेबल लॅम्पइतकं साधं सर्किट दुसरं नसेल. एका वायरीने वीज जायची, दुसरीने परत यायची, वाटेत एक बटण. शाळेच्या पुस्तकात विजेच्या धड्यातली पहिली आकृती असते ना, तीच. आणि हीच खरी अडचण. माणूस टीव्ही उघडून महिनाभर बसला तर घरचे पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. दिव्याला दुसरा रविवार लागला की तेच घरचे पाहुण्यांना दुसऱ्या खोलीत बसवतात.

पहिला रविवार बैठकीखालचा हिरवा फेल्ट सोलण्यात गेला. त्याच्याखाली एक नट असतो. बैठकीपासून होल्डरपर्यंत एक पोकळ, आटे पाडलेली नळी उभी असते, बाकीचे सगळे तुकडे तिच्यात मण्यांसारखे ओवलेले असतात आणि हा नट त्यांना आवळून धरतो. बाहेरून एकसंध दिसणारा दिवा म्हणजे एका नटाच्या भरवशावर चाललेलं एकत्र कुटुंब. मी नट सोडवला. अकरा तुकडे झाले. खोलण्याआधी फोटो काढून ठेवावा, असं सगळे सांगतात. मी नंतर काढला. त्यात अकरा तुकडे छान आले आहेत.

वायर जुन्या पद्धतीची, रबराचं आवरण आणि वरून सुती विणकाम. बोट लावलं तसं रबर वाळक्या चिखलासारखं तडकून खाली पडलं. होल्डरजवळ तर तांबं उघडंच होतं. यात रबराचा दोष नाही. जुना तारेचा बल्ब दहातली नऊ हिश्श्यांहून जास्त वीज उष्णतेतच घालवतो, उजेड आपला जाता जाता देतो. अशा शेगडीला डोकं लावून ते रबर वर्षानुवर्षं बसलं होतं.

बटणापाशी मात्र उत्खननच करावं लागलं. वरच्या थरात काळी टेप, तिचा पार गोंद झालेला. तिच्याखाली आणखी जुनी टेप. सर्वांत खाली, उघड्या तांब्यावर, जखमेला लावायची औषधी पट्टी. वायरीला खरचटलं असं समजून कुणीतरी प्रथमोपचार केले होते. एका स्क्रूच्या जागी काडेपेटीतली काडी होती. मी हे हसत हसत बायकोला दाखवलं. "बाबांनी केलंय ते," ती म्हणाली. मी हसणं आवरून कारागिरीची तारीफ केली.

प्लग दोन पिनांचा. हा प्लग सुलटा खोचा की उलटा, कसाही बसतो. म्हणजे बटण फेज (वीज आणणारी वायर) तोडतंय की न्यूट्रल (परत नेणारी), हे त्या दिवशी प्लग कसा खोचला त्यावर ठरायचं. न्यूट्रल तोडलं तर दिवा विझतो, सगळं शांत दिसतं आणि होल्डरमध्ये फेज तशीच जागी. सासूबाई आयुष्यभर बटण बंद करून निर्धास्तपणे बल्ब बदलत आल्या होत्या. वर दिव्याचं सगळं अंग पितळी, आणि अर्थिंग, म्हणजे गळकी वीज जमिनीत नेणारी तिसरी वायर, नाही. त्या घरात सगळे दीर्घायुषी निघाले याचं श्रेय मी आजवर नियमित चालण्याला देत होतो.

म्हणून मी ठरवलं की केबल तीन पदरी घ्यायची, प्लग तीन पिनांचा, बटण फेजवर आणि हिरवी-पिवळी वायर थेट पितळेला आवळायची. "दोनच..." बायकोने सुरुवात केली. मी तिला औषधी पट्टीची आठवण करून दिली.

दुसरा रविवार. नवी वायर नळीतून ओवण्याची युक्ती सोपी आहे. जुनीच्या शेपटीला नवी बांधायची आणि जुनी ओढायची. मी बांधली, ओढली, अर्ध्यावर जुनी तुटली. आता नळीत अर्धी जुनी वायर, आणि दोन्ही टोकांना मी. चिमट्याने, खिळ्याने, छत्रीच्या काडीने ती एकदाची बाहेर ढकलली. मग मुलगी म्हणाली, "बाबा, दोरा टाका आणि व्हॅक्यूम क्लीनरने ओढा, त्यामागून वायर येईल." कल्पना अचूक होती. दोरा नळीतून सुईसारखा गेला. मागचं टोक कुणी धरायचं हे ठरलं नव्हतं, त्यामुळे तो तसाच पुढे क्लीनरच्या पोटात गेला. दुसऱ्या वेळी मी टोक बोटाला बांधलं.

मग ते टोपण. होल्डरच्या खालच्या भागाला एक टोपण असतं. ते आधी नळीवर बसवायचं, वायर त्यातून वर काढायची, मग गाठ मारायची, मग टोकं टर्मिनलमध्ये आवळायची. गाठ अशासाठी की वायरीला कुणी हिसका दिला तर तो गाठीवर यावा, स्क्रूंवर नाही. केबलच्या प्रत्येक पदरात २४ बारीक तारा, प्रत्येक ०.२ मिलिमीटरची, सगळ्या मिळून ०.७५ चौरस मिलिमीटर. त्यातली एक जरी बाहेर राहिली तरी ती नेमकी शेजारच्या टर्मिनलला भेटायला जाते. एका स्नेह्यांनी सुचवलं, टोकांना सोल्डर लाव, तारा एकत्र राहतील. त्यांचं ऐकू नका. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतं, पकड ढिली होते आणि ढिली पकड तापते. नुसता घट्ट पीळ द्यावा.

मी पीळ दिला, चोवीसच्या चोवीस तारा आत घातल्या, स्क्रू आवळले, मागे सरून पाहिलं. टोपण टेबलावर होतं.

सगळं सोडवलं. दुसऱ्या वेळी टोपण आठवणीने घातलं, उलटं. तिसऱ्या वेळी टोपण सुलटं होतं, पण दिव्याची मान जमिनीवर पडलेली होती. त्या संध्याकाळी माझ्याशी कुणी बोललं नाही. मीही दिव्याशी बोललो नाही.

तिसऱ्या रविवारी बायको म्हणाली, "दे इकडे." तिचे हात माझ्याहून सफाईदार आहेत, हे मान्य करतो. तिने मान घातली, वायर काढली, गाठ अशी मारली की बघत राहावं, पीळ देऊन दहा मिनिटांत स्क्रू आवळले. मग आम्ही दोघं कौतुकाने बघत असताना दोघांचीही नजर एकाच वेळी टेबलावर गेली. टोपण तिथंच होतं. मी काही बोललो नाही. लग्नाला एकोणीस वर्षं झाली की कुठे बोलू नये हे न शिकवता येतं.

पाचव्या खेपेस सगळं जागेवर बसलं. प्लग खोचण्याआधी मीटर लावून बघू, असा शहाणपणा मला सुचला. ६० वॅटचा बल्ब लावला आणि प्लगच्या पिनांवर रोध मोजला. गणिताने २३० व्होल्टला सुमारे ८८२ ओहम यायला हवेत. मीटर म्हणाला, ६५. म्हणजे आत कुठेतरी वायरी एकमेकींना चिकटल्या! मी पुन्हा नट सोडवला. पुन्हा अकरा तुकडे. सगळं तपासलं, कुठेही काही चिकटलेलं नव्हतं. मग बल्ब नुसताच मोजला. पासष्टच. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. टंगस्टनची तार थंड असताना तिचा रोध पेटलेल्या तारेच्या एक दशांशाहूनही कमी असतो. सूत्र बरोबर होतं, बल्ब बरोबर होता, मीटर बरोबर होता. थंड बल्बला मी पेटलेल्या बल्बचा प्रश्न विचारला होता.

सहाव्यांदा जोडताना टोपण मुलीने हातात धरून ठेवलं आणि वेळ आल्यावर शस्त्रक्रियेतल्या नर्ससारखं पुढे केलं. तो तापट बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला, प्लग खोचला, बटण दाबलं. दिवा लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकोने फक्त शेड किंचित सरळ केली आणि त्या उजेडात बराच वेळ काहीही न वाचता पुस्तक धरून बसली.

दुरुस्तीपेक्षा तिची बातमी जास्त टिकते. पुढच्याच आठवड्यात मेव्हणी आली ती स्प्रिंगांच्या हाताचा दिवा घेऊन. या जातीच्या दिव्याची कल्पना जॉर्ज कार्वर्डाइन या इंग्लिश इंजिनिअरची, १९३२ सालची. माणूस मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणारा, स्प्रिंगांचा तोल जाणणारा. त्याचा दिवा जिथे ठेवाल तिथे थांबतो. मेव्हणीचा दिवा ठेवला की मान टाकतो, आणि वायर तिन्ही सांध्यांमधून वळून जाते. मी ते तिन्ही सांधे मोजत होतो.

"तुम्हाला काय भाऊजी, दहा मिनिटांचं काम," मेव्हणी म्हणाली, "दोनच तर वायरी असतात."

"तीन," बायको पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.