‘पोट साफ, आमवात माफ’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: सत्तर टक्के प्रतिकारशक्ती आतड्यात असते. आमवात, सोरायसिस, थायरॉइड, सगळ्यांचं मूळ पोटात. म्हणून महिनाभर रोज गुळवेलीचा काढा, दोन वेळा दही आणि आठवड्याला एरंडेलाचा जुलाब घ्या. प्रतिकारशक्ती वाढेल आणि गोळ्या सुटतील. मला आमवात (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) आहे, त्यामुळे हा मेसेज मला सगळेच काळजीपोटी पाठवतात. राग त्यांच्यावर नाही, मजकुरावर आहे.

आधी तो आकडा. शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशींची मोजदाद २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण सुमारे १.८ लाख कोटी पेशी, वजन सव्वा किलोच्या आसपास. त्यातल्या बहुतेक अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) आणि लसिका संस्थेत (लसिका गाठी, प्लीहा वगैरे). पचनमार्गाच्या वाट्याला ३ ते ४ टक्के. अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी मात्र खरोखरच बहुसंख्येने आतड्यात असतात, आणि तिथले जिवाणू प्रतिकारयंत्रणेला वळण लावतात हेही खरं. म्हणजे आतडं महत्त्वाचं आहेच. ‘सत्तर टक्के’ तेवढं सोडून द्या.

दुसरं, ‘प्रतिकारशक्ती वाढवा’. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत, कपाचा कान धरवत नाही, ते प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून नव्हे. ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटलेली असते. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध देतात ते तिला आवरायला. मग एका हाताने आवर घालायचा आणि दुसऱ्या हाताने तिला चेव आणायचा, यात कसलं शहाणपण?

आता गुळवेल. ‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य इथे सर्वांत महाग पडतं. कोविडच्या काळात काढ्यांचा सुकाळ झाला आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ पेशंटची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ जणांची माहिती आली. अनेकांच्या यकृतावर प्रतिकारयंत्रणेनेच हल्ला चढवल्याची चिन्हं होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. असेलही. पण बाजारातून आणलेल्या काड्या कुठल्या वेलीच्या, हे तुम्ही-आम्ही कसं ओळखणार? त्यात मेथोट्रेक्सेटचाही यकृतावर ताण येतो, म्हणून तर ठरावीक अंतराने एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) तपासायला लावतात. सोबत काढा असेल आणि आकडा चढला, तर दोष कोणाचा हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

जुलाबाने आतडं ‘स्वच्छ’ होत नाही, अंगातलं पाणी तेवढं जातं. मेथोट्रेक्सेट बाहेर पडतं ते मुख्यतः मूत्रपिंडांवाटे. पाणी कमी झालं की ते शरीरात साचू लागतं. तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात. दर आठवड्याला एरंडेल घेणाऱ्याने हे आधी वाचावं.

दह्याशी माझं भांडण नाही. (गंमत म्हणजे त्याच ग्रुपवर ‘संधिवाताला आंबट वर्ज्य’ हाही मेसेज येतो.) स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ जणांवर झालेल्या प्रयोगात १० आठवडे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं कमी झाली. उत्साह वाटण्यासारखंच आहे. पण ती माणसं निरोगी होती. आमवात बरा झाल्याचा हा पुरावा नाही. ताक घ्या, ज्वारीची भाकरी खा, मटकीची उसळ, पालेभाजी असू द्या. इडली-आंबोळीतले जिवाणू मात्र शिजताना मरतात, तेव्हा त्यांच्याकडून ती अपेक्षा नको. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा केमो चालू असलेल्यांनी प्रोबायोटिक कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण क्वचित तेच जिवाणू रक्तात उतरतात.

राहिलं ‘गोळ्या सुटतील’. आमवात मुळात चढ-उताराचा आजार. उतारावर असताना काढा सुरू केला की श्रेय काढ्याला जातं आणि ‘माझ्या काकूंना फरक पडला’ असा मेसेज तयार होतो. तोवर आत झिजलेलं हाड भरून येत नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर ते एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, कारण तोवर शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल (तसंच काम करणारं नैसर्गिक संप्रेरक) बनवणं कमी केलेलं असतं. डोस हळूहळूच उतरवावा लागतो.

संसर्गापासून जपायचंच असेल तर फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींबद्दल पुढच्या भेटीत विचारा. जिवंत विषाणूंच्या लसी मात्र अशा औषधांवर सहसा देत नाहीत. आणि काढा किंवा चूर्ण घेत असाल तर पाकीटच सोबत न्या. डॉक्टर रागावतील म्हणून बरेच जण ते लपवतात आणि एसजीपीटी का वाढला हे शोधण्यात दोन महिने फुकट जातात.